बॅकअप आहे, पण जुना आहे

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बंद पडलेली हार्ड डिस्क घेऊन कुणी गेलं की काउंटरपलीकडून पहिला प्रश्न येतो, बॅकअप आहे का? उत्तर बहुधा ठरलेलं. "आहे, पण जुना आहे." किती जुना? मुलगी दहावीला होती तेव्हाचा, आणि मुलगी आता नोकरीला लागलेली असते. डिस्क उघडून डेटा काढायचा खर्च ऐकला की माणूस गप्प होतो. तो नव्या डिस्कच्या कितीतरी पट असू शकतो, आणि एवढं करून सगळं मिळेलच अशी हमी कुणी देत नाही.

यात अज्ञान कुठेच नाही. बॅकअप घ्यावा हे सगळ्यांना माहीत आहे. टेबलाच्या खणात एक्स्टर्नल डिस्क असते, तिची केबलही असते. फक्त ती केबल लॅपटॉपला लावायचं काम कुणाच्या तरी आठवणीवर सोडलेलं असतं. रविवारी लावू म्हणतात आणि रविवारी पाहुणे येतात. लॅपटॉप आल्यापासून तर ही अडचण वाढली. डेस्कटॉप निदान एका जागी असायचा, त्याला मागच्या बाजूने डिस्क कायमची जोडून ठेवता यायची. लॅपटॉप सकाळी कॉलेजला, संध्याकाळी ट्रेनमध्ये, रात्री पलंगावर. त्याच्या मागे केबल घेऊन कोण फिरणार?

१५ जानेवारी २००८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला, ते दृश्य अनेकांच्या लक्षात आहे. त्याच भाषणात त्यांनी एक पांढरा चौकोनी डबाही दाखवला होता, तो मात्र लोक विसरले. त्याचं नाव टाइम कॅप्सूल. वाय-फायचा राउटर, आणि त्याच्या पोटात ५०० जीबी किंवा १ टीबीची हार्ड डिस्क. त्याच्या तीन महिने आधी, ऑक्टोबर २००७ मध्ये, मॅकमध्ये टाइम मशीन ही सोय आली होती. ती बदललेल्या फायलींची दर तासाला प्रत काढते. गेल्या चोवीस तासांतल्या तासातासाच्या प्रती, गेल्या महिन्यातल्या रोजच्या, त्यामागच्या आठवड्याच्या, असा साठा ती ठेवते आणि डिस्क भरली की सगळ्यात जुनी प्रत काढून टाकते. टाइम मशीन आणि टाइम कॅप्सूल एकत्र आल्यावर केबल गेली. लॅपटॉप घरात आला, वाय-फायला लागला की बॅकअप सुरू. माणसाने काही लक्षात ठेवायचं उरलं नाही.

त्या डब्याचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं. पहिल्या काही महिन्यांत विकले गेलेले कित्येक डबे दीड-दोन वर्षांत चालूच होईनासे झाले आणि २०१० मध्ये अ‍ॅपलने त्या तुकडीतले बिघडलेले डबे बदलून किंवा दुरुस्त करून देण्याचं कबूल केलं. ज्या यंत्राने बाकीच्यांचं मरण निभावून न्यायचं तेच आधी गेलं. २०१८ मध्ये कंपनीने राउटर बनवणंच थांबवलं. कल्पना मात्र टिकली. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये फाइल हिस्टरी आली. तीही दर तासाला प्रत काढते आणि ती प्रत घरातल्या नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये पाठवू शकते. विंडोज ११ मध्ये ही सोय अजून आहे, पण कंट्रोल पॅनेलच्या कोपऱ्यात. मायक्रोसॉफ्टचा ओढा आता आपल्या वनड्राइव्हकडे आहे, आणि तिथे फुकट मिळतात ते ५ जीबी.

आता हे सगळं एका गावात नेऊन पाहू. भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाताना मुर्धा, राई, मोर्वा मागे पडले की डोंगरी-तारोडीचा पट्टा लागतो. एका अंगाला मिठागरं आणि खाडी, दुसरीकडे उत्तन, पाली, चौकचा समुद्र. पत्ता मिरा-भाईंदर महापालिकेचा, पण घडण गावाची. शहरातल्या टॉवरमधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटसाठी लिहिलेली बॅकअपची पुस्तिका इथे जशीच्या तशी चालत नाही. नमुन्यादाखल एक घर धरू. खालचं जुनं, जाड भिंतींचं. वर नंतर चढवलेला स्लॅबचा मजला. खाली वडिलांचा विंडोजचा डेस्कटॉप, त्यात सहकारी संस्थेचे टॅलीतले हिशेब. वर आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलीचा लॅपटॉप. मुलगा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, त्याच्याकडे मॅकबुक. राउटर केबलवाल्याने जिथे वायर आली तिथे, म्हणजे दाराजवळच्या खिडकीपाशी, ठोकलेला.

या घराला क्लाउड का पुरत नाही, हे आकड्यांनी पटकन कळतं. मुलाचा ५०० जीबीचा व्हिडिओ सेकंदाला २० मेगाबिटच्या अपलोडने पाठवायचा तर ५५ तासांहून जास्त लागतात, तेही लाइन एकदाही न तुटता. तोच डेटा घरातल्या घरात गिगाबिट केबलवरून सव्वा-दीड तासात जातो. बऱ्यापैकी वाय-फायवर, सेकंदाला २५ मेगाबाइटचा वेग धरला, तर साडेपाच तास. मधे जाड भिंत आली आणि वेग ५ मेगाबाइटवर घसरला तर जवळजवळ अठ्ठावीस तास. स्वस्त राउटरची केबलची भोकं बऱ्याचदा १०० मेगाबिटचीच असतात, तिथे अकरा तास धरावेत. म्हणून जाणकार सांगतात की पहिला बॅकअप केबल लावूनच घ्यावा, रात्री लावून झोपावं. त्यानंतर दर तासाला जायचं ते थोडंसंच असतं, तिथे वाय-फाय पुरतं.

इथे एक गैरसमज वारंवार आडवा येतो. वाय-फाय म्हणजे इंटरनेट असं घरोघरी धरलं जातं. इंटरनेट बंद पडलं की "वाय-फाय गेलं" असंच म्हणतात. घरातला बॅकअप मात्र इंटरनेटवर अवलंबून नसतो. बाहेरची फायबर कुठे तुटली असेल तरी राउटर चालू आहे तोवर लॅपटॉप आणि बॅकअपची पेटी एकमेकांशी बोलत राहतात. वर्ष-दोन वर्षं इंटरनेट न घेता नुसता राउटर लावून ठेवला तरी हे काम होईल.

सगळी फाइल न पाठवता थोडंसंच कसं पाठवायचं, याची एक नामी युक्ती ऑस्ट्रेलियातल्या एका संशोधकाने काढली. अँड्र्यू ट्रिजेल कॅनबेऱ्याच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी सांबा लिहायला घेतलं. लिनक्सवर चालणारी पेटी विंडोजला आपलीच वाटावी अशी ओळख करून देणारं हे सॉफ्टवेअर. आज घरोघरच्या अनेक साठवण पेट्यांच्या आत तेच असतं. १९९६ मध्ये त्यांनी पॉल मॅकेरास यांच्याबरोबर आर-सिंक काढलं. समजा, दोन गावांत एकाच जमाखर्चाच्या वहीच्या दोन प्रती आहेत आणि दोन कारकून फोनवर फक्त पानापानाची बेरीज वाचून दाखवताहेत. बेरीज जुळली तर पान तसंच ठेवायचं, जुळली नाही तर तेवढंच पान नव्याने उतरवून घ्यायचं. आर-सिंक फाइलचे तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्याची अशीच एक बेरीज काढून, फक्त न जुळणारे तुकडे पाठवतं. पाचशे पानांचा प्रबंध आणि त्यात बदललेली तीन पानं, मग वाय-फायवरून जाणारा ऐवज तीन पानांच्या आसपासचाच.

पेटी कुठली घ्यायची? तीन वाटा आहेत. राउटरला यूएसबीचं भोक असेल तर त्यात डिस्क खोचायची. सर्वांत स्वस्त, आणि काही राउटर टाइम मशीनलाही साथ देतात. पण बहुतेक राउटरचा प्रोसेसर एवढा तोकडा असतो की डिस्कवर लिहिताना बाकीच्यांचं यूट्यूब अडखळतं, आणि केबलवाल्याने दिलेल्या राउटरमध्ये ती सोय बंद करून ठेवलेली असणंही नवं नाही. दुसरी वाट म्हणजे नॅस, नेटवर्कला जोडायची एक किंवा दोन डिस्कची तयार पेटी. सिनॉलॉजी, क्यूनॅप यांच्या पेट्या बाजारात मिळतात. ऐपत असेल तर हीच घ्यावी, कारण ती दोन्ही प्रकारच्या संगणकांना सांभाळते आणि बिघडलं की निदान कुरकुर तरी करते. तिसरी वाट घरात पडून असलेल्या जुन्या संगणकाची. विंडोज १० ला मिळणाऱ्या मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या आणि विंडोज ११ च्या अटीत न बसणारी धडधाकट यंत्रं अडगळीत गेली. त्यावर लिनक्स आणि सांबा टाकलं की बॅकअपची पेटी तयार. फक्त विजेचा हिशेब धरावा. ६० वॅट खाणारा डेस्कटॉप चोवीस तास चालला तर महिन्याला ४३ युनिट होतात. रास्पबेरी पायसारखं तळहाताएवढं यंत्र त्याच्या तुलनेत चिमूटभर वीज खातं.

पेटी घेतल्यावर ती ठेवायची कुठे, हा प्रश्न तारोडीसारख्या ठिकाणी पेटीच्या निवडीहून मोठा आहे. खिडकीपाशी नको, कारण खारा वारा धातूच्या टोकांवर बसतो आणि यूएसबीचं भोक गंजलं की डिस्क मधेच सुटते, मधेच लागते. जमिनीलगत तर नकोच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबई आणि उपनगरांत तळमजल्यावरचे संगणक पाण्यात गेले, आणि टेबलाखाली ठेवलेल्या त्यांच्या डिस्कही त्यांच्याबरोबरच गेल्या. वरच्या मजल्यावरच्या कपाटाचा वरचा खण चांगला, पण कपाट लोखंडी असेल तर आतून वाय-फाय बाहेर येत नाही. यावर उत्तर सोपं आहे. पेटीला वाय-फायची गरजच नसते. पेटी राउटरला केबलने जोडावी आणि फक्त फिरते लॅपटॉप बिनतारी ठेवावेत. राउटर वाय-फायचे दोन पट्टे देतो. २.४ गिगाहर्ट्‌झचा भिंतीतून पार जातो पण मंद, ५ गिगाहर्ट्‌झचा वेगवान पण भिंतीपुढे दमतो. राउटर दारातून उचलून जिन्याच्या मधल्या चौकात आणला तर नवं काही विकत न घेता निम्मी अडचण सुटते.

मग लाइट.

१७ मे २०२१ ला तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेलं, १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड कोसळून मुंबई महानगराचा मोठा भाग अंधारात गेला. हे मोठे प्रसंग झाले. पावसाळ्यात पाच-दहा मिनिटांसाठी लाइट जाऊन येणं इथे बातमी नसते. बॅकअपला मात्र ती पाच मिनिटंच बाधतात. प्रत लिहिली जात असताना पेटी बंद पडली की नोंदवही अर्धवट राहते. मॅकवाल्यांना मग एक संदेश दिसतो. त्याचा मतलब असा की तुमचा बॅकअप तपासला, तो भरवशाचा नाही, नवा सुरू करावा लागेल. म्हणजे आधीचा सगळा इतिहास गेला. कितीही महागडी पेटी घेतली आणि यूपीएस घेतला नाही तर पैसे निम्मे वाया जातात. बऱ्याच नॅसना यूपीएसची यूएसबी केबल लावता येते. बॅटरी संपत आली की पेटी लिहिणं थांबवते आणि शहाण्यासारखी बंद होते.

दुसरी खोडी जास्त सूक्ष्म आहे. लाइट आली, राउटर पुन्हा चालू झाला. त्याने घरातल्या प्रत्येक यंत्राला नव्याने क्रमांक वाटले. काल पेटीचा क्रमांक १९२.१६८.१.७ होता, आज तो ९ झाला. वडिलांच्या डेस्कटॉपवर फाइल हिस्टरी लावताना कुणीतरी ७ हा आकडा टाइप करून ठेवलेला. संगणक तासातासाला सातच्या दारावर जातो, तिथे आता मुलीचा मोबाइल असतो, तो काही उघडत नाही. पडद्यावर मोठा इशाराही येत नाही. घड्याळाशेजारच्या चिन्हांत कधीतरी एक सूचना चमकून जाते, तिच्यावर क्लिक करून ती घालवली जाते. उपाय दोन मिनिटांचा आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये पेटीसाठी एक क्रमांक राखून ठेवायचा, किंवा आकड्याऐवजी पेटीच्या नावाने रस्ता द्यायचा. तसंच पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय चालू केलं असेल तर घरच्यांचे लॅपटॉप त्यावर नाहीत ना हे पाहावं. त्या वाय-फायवरची यंत्रं एकमेकांना दिसू नयेत अशीच त्याची रचना असते, मग पेटी तरी कशी दिसणार?

आपोआप चालणाऱ्या गोष्टीचा खरा धोका हा आहे. ती बंद पडल्याचंही आपोआप कळेल असं आपण धरून चालतो. जगातल्या लाखो प्रोग्रॅमरांचं काम सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीला हे ३१ जानेवारी २०१७ ला समजलं. थकलेल्या इंजिनिअरने चुकून मुख्य डेटाबेसच पुसायला घेतला. थांबवेपर्यंत बहुतेक सगळं गेलं होतं. बॅकअपच्या एकूण पाच तऱ्हा त्यांनी लावून ठेवल्या होत्या. रोजची प्रत जिथे साठायची ती जागा उघडली तर रिकामी. प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती म्हणून तो मुकाट अपयशी ठरत होता. अपयशाचा ईमेल जायला हवा होता, तो पाठवलाही जात होता, पण ईमेल यंत्रणा तो संशयास्पद म्हणून परत फेकत होती. शेवटी, दुसऱ्याच एका कामासाठी सहा तास आधी कुणी हाताने काढलेल्या प्रतीवरून कंपनी उभी राहिली. ही सगळी हकिकत कंपनीने स्वतःच प्रसिद्ध केली, दुरुस्ती चालू असताना थेट प्रक्षेपणही केलं. एवढा मोकळेपणा सहसा पाहायला मिळत नाही.

घरात एवढं नाटक होत नाही, पण क्लाउडच्या बाबतीत एक घोटाळा रोज होतो. "माझे फोटो गुगलवर आहेत, डॉक्युमेंट वनड्राइव्हवर आहेत, मग बॅकअप झालाच की." तो बॅकअप नव्हे, ते सिंक. इथे जे कराल तेच तिथे होतं. इथे फोल्डर उडवला की तिथूनही उडतो. फोटो गुगलच्या कचरापेटीत ६० दिवस राहतो, वनड्राइव्हवरच्या घरगुती खात्यातली फाइल ३० दिवस. दोन महिन्यांनंतर लक्षात आलं तर विषय संपला. बरं, जागेचंही तेच. १ जून २०२१ पासून गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण थांबली, आणि १५ जीबी ईमेलसकट वाटून घ्यायचे असतात.

सिंक आणि बॅकअप यांतला फरक महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर फार मोठ्या प्रमाणावर दिसून गेला आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा विषाणू युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या संगणकांत शिरला. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं गेटवे टर्मिनल हे त्याच समूहाचं. तिथलं कामकाज ठप्प झालं, कुठला कंटेनर कुणाचा हेच संगणकाला सांगता येईना. मर्स्कचे कोण कुठला कर्मचारी, कुणाला काय उघडायची परवानगी, याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर पसरलेले होते. ते सतत एकमेकांशी जुळवून घेत असत, एक गेला तर दुसरा आहेच अशा भरवशावर. सगळे एकाच वेळी पुसले जातील हे कुणी धरलंच नव्हतं. नेमकं तेच झालं.

एक उरला. तो घानामध्ये होता. विषाणू पसरला तेव्हा तिथे लाइट गेलेली होती, त्यामुळे तो सर्व्हर नेटवर्कवर नव्हता. आता त्यातला काहीशे जीबींचा डेटा इंग्लंडला पाठवायचा होता, आणि घानाच्या ऑफिसची लाइन इतकी बारीक की त्याला कित्येक दिवस लागले असते. इंग्लंडला विमानाने डिस्क न्यावी तर तिथल्या कुणाकडे ब्रिटिश व्हिसा नाही. मग घानाचा एक कर्मचारी विमानाने नायजेरियाला गेला, विमानतळावर त्याने डिस्क दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या हातात दिली आणि तो ती घेऊन लंडनकडे निघाला. एकूण दहा दिवसांत कंपनीने ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे केले, असं कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर दावोसच्या परिषदेत सांगितलं. नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलर.

तारोडीच्या घराला यातून घेण्यासारखं काय? लाइट जाण्याची वाट पाहायची नाही, पण एक प्रत नेटवर्कच्या बाहेर ठेवायची. खंडणी मागणारा विषाणू वडिलांच्या संगणकात शिरला तर त्या संगणकाला जे जे फोल्डर लिहिता येतात ते सगळे तो कुलूपबंद करतो, बॅकअपच्या पेटीतलेसुद्धा. म्हणून बॅकअपसाठी पेटीवर वेगळं खातं, वेगळा पासवर्ड, आणि तो फोल्डर माय कम्प्युटरमध्ये झेड ड्राइव्ह म्हणून कायमचा उघडा ठेवायचा नाही. नॅसमध्ये स्नॅपशॉटची, म्हणजे त्या त्या वेळची प्रत गोठवून ठेवण्याची, सोय असेल तर चालू करायची. अशा गोठवलेल्या प्रती पुसायला पेटीच्या व्यवस्थापकाचाच पासवर्ड लागतो. छायाचित्रकार पीटर क्रोह यांनी छायाचित्रांच्या जतनावरच्या पुस्तकात मांडलेला ३-२-१ हा हिशेब तेव्हापासून सगळीकडे चालतो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत म्हणजे एक साधी पोर्टेबल डिस्क. ती वसईला आत्याकडे ठेवायची. नाताळात, गणपतीत येणंजाणं असतंच, तेव्हा जुनी आणायची, नवी ठेवून यायची. क्रम मात्र पाळावा. आधी नवी पोचवून मगच जुनी उचलावी, नाहीतर भाईंदरच्या गर्दीत पिशवी गेली की दोन्ही प्रती एका गाडीत.

या डिस्क किती टिकतात, असं लोक विचारतात. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी स्वतःकडच्या लाखो डिस्कचा हिशेब दर तिमाहीला जाहीर करते. २०२३ मध्ये त्यांच्याकडे वर्षाला १.४० टक्के डिस्क बंद पडल्या. आकडा दिलासा देतो, पण त्या डिस्क थंड केलेल्या खोल्यांत, अखंड विजेवर, कुणी हात न लावता फिरतात. किनाऱ्यावरच्या कपाटातल्या डिस्कशी त्यांची बरोबरी नाही.

आता मराठी घरांत हमखास राहून जाणारी गोष्ट. फाइल हिस्टरी डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप असे ठरावीक फोल्डरच उचलते. टॅलीच्या जुन्या आवृत्त्यांचा डेटा थेट सी ड्राइव्हवर टॅलीच्याच फोल्डरात असतो, तो यात येत नाही. वडिलांना वाटतं संस्थेचे हिशेब सुरक्षित आहेत, आणि वर्षभर प्रत निघत असते ती लग्नपत्रिकांच्या पीडीएफची. तो फोल्डर लायब्ररीत घालून घ्यावा लागतो. फॉन्टचं तर याहून वाईट. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि पेजमेकर यांवर मराठीतली किती पुस्तकं, स्मरणिका, चर्चची पत्रकं, मंडळांचे अहवाल बसवले गेले याची मोजदाद नाही. त्या फायली युनिकोडमध्ये नाहीत. फाइल परत मिळाली आणि तो फॉन्ट नसला तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा भुसा दिसतो. फॉन्ट विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात असतात, फाइल हिस्टरी तिकडे फिरकत नाही. जुन्या मराठी फायली असणाऱ्यांनी फॉन्टची आणि सॉफ्टवेअरची एक प्रत हाताने काढून त्याच पेटीत टाकावी. टाइम मशीनला हे सांगावं लागत नाही, ती काही वगळलं नसेल तर बसवलेले फॉन्टही उचलते.

बॅकअप चालतोय की नाही हे पेटीवरच्या हिरव्या दिव्याकडे बघून कळत नाही. फाइल परत आणूनच कळतं. विंडोजमध्ये फोल्डरवर राइट क्लिक करायचं, रिस्टोअर प्रीव्हियस व्हर्जन्स निवडायचं, तारखांची यादी येते. मॅकवर टाइम मशीन उघडली की खिडक्यांची रांग मागे मागे जाताना दिसते आणि उजव्या कडेला तारखांची उभी पट्टी असते. मागच्या मंगळवारची एखादी फाइल घ्यायची, ती मूळ जागी न टाकता डेस्कटॉपवर वेगळी उतरवायची, आणि उघडून पाहायची. नुसतं नाव दिसणं पुरेसं नाही. टॅलीचा डेटा असेल तर तो टॅलीत उघडून शेवटचं व्हाउचर कुठल्या तारखेचं आहे ते बघायचं. महिन्यातून एकदा, लाइटबिल भरायच्या दिवशी, हे काम दहा मिनिटांत होतं.

मॅकवर बॅकअप लावताना तो कुलूपबंद करायचा का असा प्रश्न येतो. हो म्हणावं. डिस्क चोरीला गेली किंवा आत्याकडच्या पोरांनी खेळायला घेतली तर आतलं कुणाला वाचता येणार नाही. पण तो पासवर्ड हरवला तर अ‍ॅपलही उघडून देऊ शकत नाही, आणि बहुतेक घरांत तो एकट्या मुलाला माहीत असतो, तोही मोबाइलमध्ये, आणि मोबाइलचा बॅकअप त्याच लॅपटॉपवर. म्हणून पासवर्ड, पेटीचा क्रमांक आणि राउटरचा लॉगिन एका कागदावर बॉलपेनने लिहून रेशन कार्डाच्या फायलीत लावावा, आणि ती फाइल कुठे आहे हे घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवावं.